वसईचा तह आणि तेहरानचा करार : दक्षिण इराणातील ब्रिटिश प्रभावाची मुंबईतील पूर्वपीठिका

१

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत इराणच्या दक्षिणेकडील प्रांतांवर इंग्रजांनी जो राजकीय व लष्करी अंमल बसविला, त्याचा इतिहास सामान्यतः लंडन, सेंट पीटर्सबर्ग आणि तेहरान या तीन राजधान्यांच्या पत्रव्यवहारावरून लिहिला जातो. या पद्धतीत मुंबईचा उल्लेख आलाच तर तो गलबते सुटण्याचे बंदर म्हणून येतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडे निराळे आहे. फार्स, केरमान, सीस्तान आणि आज खुझिस्तान म्हणून ओळखला जाणारा अरबिस्तान या प्रांतांत इंग्रजांनी जी कार्यपद्धती वापरली, ती इराणसाठी नव्याने घडविलेली नव्हती. ती मुंबई इलाख्यात, विशेषतः मराठ्यांच्या राज्याशी व्यवहार करताना, शंभर वर्षांपूर्वीच तयार झाली होती. ३१ डिसेंबर १८०२ रोजीचा वसईचा तह आणि ९ ऑगस्ट १९१९ रोजीचा तेहरानचा करार ही एकाच पद्धतीची दोन रूपे होत. तथापि पहिल्याने एक राज्य संपविले आणि दुसरा कागदावरच राहिला. असे का झाले, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न मराठी अभ्यासकाला परका नाही. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत विसाव्या शतकात नाक्यानाक्यावर जी इराण्यांची दुकाने उभी राहिली, त्यांतील बहुसंख्य मालकांची घराणी यझ्द आणि केरमान या दोन प्रदेशांतून आलेली होती. १९०७ साली इंग्लंड व रशिया यांनी इराणच्या नकाशावर ज्या रेषा ओढल्या, त्यांत यझ्द रशियाच्या बाजूस पडले आणि केरमान इंग्रजांच्या. मुंबईतील एकाच नाक्यावर समोरासमोर बसणाऱ्या दोन दुकानदारांची गावे अशा रीतीने दोन साम्राज्यांत वाटली गेली होती. त्या वाटणीविषयी त्या गावांना किंवा त्यांच्या सरकारला कोणीही विचारले नव्हते.

२

परळ येथे आज ज्या इमारतीत हाफकिन संस्था आहे, ती इमारत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८८० नंतरच्या काही वर्षांपर्यंत मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होती. इराणच्या आखातासंबंधीचे राजकारण दीर्घकाळ याच गव्हर्नरांच्या हाती होते. ईस्ट इंडिया कंपनीने १७६३ साली बुशहर येथे आपली वखार व रेसिडेन्सी स्थापन केली. तेथील रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हुकमतीखाली होता. त्यानंतर तो हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत गेला.

‘रेसिडेंट’ हा शब्द मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला चांगलाच परिचयाचा आहे. पुण्यास संगमावर राहून पेशव्यांच्या दरबारावर नजर ठेवणारा अधिकारी आणि बुशहरच्या किनाऱ्यावर राहून फार्सच्या सुभेदाराशी बोलणी करणारा अधिकारी, हे दोघेही एकाच यंत्रणेचे घटक होते. कित्येकदा माणसेही तीच होती. १७९५ ते १८११ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या जोनाथन डंकनने १७९८ साली मेहदी अली खान याला बुशहरला पाठविले. आणि याच डंकनच्या कारकिर्दीत दुसरा बाजीराव मुंबईकर इंग्रजांच्या मदतीने समुद्रमार्गे वसईस येऊन पोहोचला. जॉन माल्कम १८०० साली कंपनीचा वकील म्हणून इराणच्या शहाकडे गेला, १८०१ च्या आरंभी त्याने तेथे तह केला, १८१५ साली इराणचा इतिहास प्रसिद्ध केला, १८१८ च्या जूनमध्ये बाजीरावाची शरणागती स्वीकारली आणि १८२७ ते १८३० या काळात तो मुंबईचा गव्हर्नर म्हणून परळच्या वाड्यात राहिला. इराण आणि पुणे हे त्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र विषय नव्हते.

जेथे वकिली पुरेशी पडत नसे, तेथे मुंबईहून फौज जात असे. हेरातच्या प्रश्नावरून १८५६ साली इराणशी युद्ध सुरू झाले, तेव्हा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याच्या सरकारने मुंबईहून आरमार व सैन्य रवाना केले. १० डिसेंबर १८५६ रोजी बुशहर पडले. पुढे सेनापतिपद औट्रमकडे आले. ८ फेब्रुवारी १८५७ रोजी खुशाब येथे इराणी सैन्याचा पराभव झाला. ४ मार्चला पॅरिसमध्ये तह झाला. परंतु ती बातमी आखातात पोहोचण्यापूर्वीच, २६ मार्चला, मोहम्मरा इंग्रजांनी घेतले. युद्धाचा शेवट पॅरिसमध्ये होत होता, पण ते चालविले जात होते मुंबईतून.

यानंतरच्या अर्धशतकात तोफांचे काम बव्हंशी तारा, टपाल आणि आगबोटी यांनी केले. १८६४ साली कराचीपासून, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातूनच, ग्वादर, मुसंदम, बुशहर या मार्गाने फावपर्यंत समुद्रतार टाकण्यात आली. त्याच सुमारास आखातातील बंदरांत हिंदी टपाल कचेऱ्या उघडल्या आणि तेथे हिंदुस्थानची तिकिटे चालू लागली. इराणातील या कचेऱ्या १९२३ साली बंद झाल्या. आखाताच्या बाजारपेठांत रुपया चालत असे. परदेशी सत्तेचे निशाण न लावताही एखाद्या प्रांताचे पत्र, पैसा आणि बातमी ही तिन्ही साधने परक्या हाती कशी जातात, याचे हे ठळक उदाहरण होय.

या प्रवाहाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. मुंबईच्या पारशी समाजाने १८५४ साली माणेकजी लिमजी हातारिया यांना यझ्द व केरमान येथील जरथुश्त्री बांधवांची स्थिती सुधारण्यासाठी पाठविले. त्यांच्या व त्यांच्यानंतर इतरांच्या दीर्घ खटपटीनंतर १८८२ साली नासिरुद्दीन शहाने त्या समाजावरील जिझिया रद्द केला. या कार्यास तेहरानमधील ब्रिटिश वकिलातीचे पाठबळ होते. ज्या प्रभावाने एका राज्याचे स्वातंत्र्य संकुचित केले, त्याच प्रभावाच्या आधाराने एका पीडित समाजाला दिलासा मिळाला, ही गोष्ट दृष्टीआड करून या विषयाचा न्याय्य विचार होणार नाही.

३

विसाव्या शतकाच्या आरंभी या जुन्या घडणीला नवी निकड प्राप्त झाली. रशियाचा दबाव उत्तरेकडून वाढत होता. १८९४ साली पर्सी साइक्स याने केरमान येथे ब्रिटिश वकिलात उघडली. पुढे सीस्तानातही तशीच वकिलात झाली. या वकिलांच्या दिमतीस हिंदी घोडेस्वार असत. नोव्हेंबर १९०३ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन स्वतः आखाताच्या दौऱ्यावर निघाला. बुशहर येथे प्रथम भेटीस कोणी जावयाचे, व्हाइसरॉयने की फार्सच्या सुभेदाराने, यावरून वाद होऊन कर्झन बंदरात न उतरताच पुढे गेला. प्रसंग मानापमानाचा दिसतो. परंतु त्यात यजमान कोण आणि पाहुणा कोण हाच प्रश्न गुंतलेला होता.

३१ ऑगस्ट १९०७ रोजीच्या इंग्रज-रशियन करारात इराणविषयक भागाची प्रस्तावना इराणच्या स्वातंत्र्याचा आणि अखंडतेचा आदर करण्याच्या आश्वासनाने सुरू होते. ‘प्रभावक्षेत्र’ हा शब्द त्या मजकुरात येत नाही. कस्र-ए-शिरीनपासून इस्फहान व यझ्दमार्गे अफगाण सरहद्दीपर्यंतच्या रेषेच्या पलीकडे इंग्लंड सवलती मागणार नाही, आणि अफगाण सरहद्दीपासून बीरजंद व केरमानमार्गे बंदर अब्बासपर्यंतच्या रेषेच्या पलीकडे रशिया मागणार नाही, एवढेच त्यात म्हटले आहे. वाक्यरचना निषेधाची आहे. प्रत्येक पक्ष आपण काय करणार नाही ते सांगतो. आपल्या बाजूस आपण काय करणार, याविषयी मात्र मजकूर मौन बाळगतो. भाषेच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असे हे मौन आहे. कारण पुढील चौदा वर्षांचा इतिहास त्या मौनातच घडला.

२६ मे १९०८ रोजी मस्जिद-ए-सुलेमान येथे खनिज तेल लागले. तेथील खोदकामाच्या रक्षणार्थ लेफ्टनंट आर्नोल्ड विल्सनच्या हाताखाली हिंदी घोडदळाची एक लहान तुकडी अगोदरच येऊन राहिली होती. १९०९ साली कंपनी स्थापन झाली. जमीन व संरक्षण यांसाठी इंग्रजांनी बख्तियारी खान आणि मोहम्मऱ्याचा शेख खझल यांच्याशी परस्पर करार केले. तेहरान सरकारला बाजूस सारून मांडलिकांशी थेट बोलणी करण्याची ही रीत मराठ्यांच्या सरदारांच्या बाबतीतही वापरली गेली होती. १९११ च्या अखेरीस सेंट्रल इंडिया हॉर्स या हिंदी घोडदळाच्या पलटणीतील तुकड्या बुशहरहून शिराझला नेण्यात आल्या. कारण सांगण्यात आले ते व्यापारी मार्गांच्या सुरक्षिततेचे. त्याच वेळी उत्तरेत रशियाच्या निर्वाणीच्या खलित्यामुळे इराणची मजलिस बंद पडत होती.

४

१६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबई बंदरातून हिंदी सैन्याची एक ब्रिगेड आखाताकडे निघाली. तुर्कस्तानशी युद्ध अद्याप जाहीर झालेले नव्हते. अबादान येथील तेलशुद्धीचा कारखाना आणि तेथपर्यंत येणारी नळवाहिनी यांचे रक्षण हा तिच्या उद्दिष्टांपैकी एक भाग होता. या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. कोकण व देशावरच्या खेड्यांतून भरती झालेले शिपाई अशा रीतीने इराणच्या उंबरठ्यावर जाऊन पोहोचले.

१९१५ साली जर्मन हस्तक वासमुस याच्या चिथावणीने आणि त्याहूनही अधिक स्थानिक असंतोषाने फार्सचा किनारा पेटला. ८ ऑगस्टला इंग्रजांनी बुशहर ताब्यात घेतले आणि इराणच्या टपाल तिकिटांवर ब्रिटिश ताब्याचा शिक्का छापला. १६ ऑक्टोबरला शहर परत देण्यात आले. तंगिस्तानी प्रतिकाराचा पुढारी रईस अली दिलवारी त्या सप्टेंबरात मारला गेला. नोव्हेंबरात शिराझमधील ब्रिटिश वकील व तेथील इंग्रज मंडळी यांना पकडण्यात आले.

या पार्श्वभूमीवर मार्च १९१६ मध्ये पर्सी साइक्स थोडे अधिकारी आणि हिंदी शिपाई घेऊन बंदर अब्बासला उतरला. केरमान, यझ्द व इस्फहान या मार्गाने तो नोव्हेंबरात शिराझला पोहोचला. वाटेत त्याने इराणी लोकांतून भरती करून जे दल उभारले, त्याचे इंग्रजी नाव ‘साउथ पर्शिया रायफल्स’. पुढे त्याची संख्या सुमारे आठ हजारांपर्यंत गेली. पूर्वेकडे सीस्तान व बलुची सरहद्दीवर स्वतंत्र पहारा बसविण्यात आला. १९१६ साली त्याचे आधिपत्य ज्याच्याकडे होते, तो ब्रिगेडियर जनरल डायर १९१९ साली अमृतसरमुळे सर्व हिंदुस्थानास परिचित झाला.

साइक्सच्या दलाला इराणी लोक ‘पोलिस-ए-जुनूब’, म्हणजे दक्षिणेचे पोलिस, म्हणत. या नावाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. पलटण ही राज्याची असते. ती कोणत्या राज्याची, हा प्रश्न लगेच उपस्थित होतो. पोलिस मात्र बंदोबस्तासाठी असतात. तेथे सार्वभौमत्वाचा प्रश्न सहसा उठत नाही. मराठीत याच वस्तूला आपण ‘तैनाती फौज’ म्हणतो. ‘तैनात’ आणि ‘फौज’ हे दोन्ही शब्द मूळचे अरबी, आणि आपल्याकडे आले ते फार्सीच्या वाटेने. मराठ्यांचे स्वातंत्र्य ज्या संस्थेने गिळले तिचे नाव इराणच्या राजभाषेने दिले, आणि इराणचे स्वातंत्र्य ज्या संस्थेने धोक्यात आणले तिला नाव देताना फार्सीने युरोपीय शब्द पत्करला. शब्दांचा हा प्रवास सत्तेच्या प्रवासाच्या मागोमाग झालेला आहे.

नावाने मात्र शंकेचे निरसन झाले नाही. मार्च १९१७ मध्ये वुसूकुद्दौला याच्या मंत्रिमंडळाने या दलास मान्यता दिली. त्यानंतरच्या मंत्रिमंडळांनी ती नाकारली. हे दल इराणचे की इंग्रजांचे, हा प्रश्न खुद्द दलातील शिपायांपुढेही उभा राहिला. मे १९१८ मध्ये कश्काई टोळ्यांचा प्रमुख सौलतुद्दौला याने उठाव केला, तेव्हा खान-ए-झिन्यान येथील ठाण्याच्या शिपायांनी बंड करून ठाणे त्याच्या स्वाधीन केले. पुढे आबादेह येथेही बंड झाले. शिराझला वेढा पडला, आणि तो परतविण्याचा मुख्य भार हिंदी पलटणींनाच उचलावा लागला.

या संघर्षात दुसऱ्या बाजूसही एक मराठी माणूस होता. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीचे एक आद्य कार्यकर्ते. महायुद्ध सुरू झाल्यावर ते तुर्कस्तानमार्गे दक्षिण इराणात आले आणि सूफी अंबाप्रसाद आदी क्रांतिकारकांबरोबर त्यांनी तेथील टोळ्यांच्या साहाय्याने इंग्रजांविरुद्ध लढा दिला. बलुचिस्तानच्या वाटेने हिंदुस्थानपर्यंत पोहोचावे आणि इंग्रजांच्या चाकरीतील हिंदी शिपायांत स्वातंत्र्याचा प्रचार करावा, असा त्यांचा हेतू होता. पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावलौकिक मिळविलेल्या खानखोज्यांचे १९६७ साली नागपूर येथे निधन झाले. मुंबई बंदरातून सरकारच्या हुकमाने निघालेला मराठा शिपाई आणि देशत्याग करून आलेला हा मराठा क्रांतिकारक, या दोघांनाही आखाताच्या परिसरात आणून सोडणारी सत्ता एकच होती.

५

महायुद्धानंतर रशियाची सत्ता तात्पुरती नाहीशी झाली, आणि कर्झनला, जो आता ब्रिटिश परराष्ट्रव्यवहार सांभाळीत होता, जुनी योजना पुरी करण्याची संधी दिसली. ९ ऑगस्ट १९१९ रोजी तेहरानमध्ये सर पर्सी कॉक्स व वुसूकुद्दौला यांच्यात करार झाला. त्याच्या कलमांची वसईच्या तहाशी तुलना उद्बोधक ठरते.

वसईच्या तहाने बाजीरावाने किमान सहा हजार पायदळाची इंग्रजी फौज आपल्या राज्यात ठेवून घेतली. तिच्या खर्चासाठी सव्वीस लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रांतील युरोपियनांना नोकरीत न ठेवण्याचे आणि परराज्यांशी कंपनीच्या संमतीवाचून व्यवहार न करण्याचे मान्य केले. तेहरानच्या करारात प्रथम इराणच्या स्वातंत्र्याचा व अखंडतेचा पुनरुच्चार आहे. नंतर इराणच्या खर्चाने ब्रिटिश सल्लागार, एकसूत्री सैन्य उभारण्यासाठी ब्रिटिश अधिकारी व युद्धसामग्री, जकातीच्या उत्पन्नाच्या तारणावर कर्ज, आणि रेल्वेबांधणीत सहकार्य ही कलमे येतात. कर्जाची रक्कम वीस लक्ष पौंड, व्याज सात टक्के. मुलुखाच्या जागी जकात आली, फौजेच्या जागी अधिकारी आले आणि ‘संरक्षण’ या शब्दाच्या जागी ‘साहाय्य’ हा शब्द आला. मूळ रचना मात्र तीच राहिली : ज्याचे स्वातंत्र्य जाणार, त्यानेच त्याचा खर्च सोसावयाचा. करार घडवून आणणाऱ्या तिघा मंत्र्यांना चार लक्ष तोमान गुप्तपणे देण्यात आले होते, हेही पुढे उघड झाले.

आणि तरीही हा करार अमलात आला नाही. ३० डिसेंबर १९०६ च्या इराणी मूलभूत कायद्याच्या चोविसाव्या कलमान्वये परराष्ट्रांशी होणारे तह मजलिसीच्या मान्यतेवाचून बंधनकारक होत नव्हते. १९१९ साली मजलिस भरलेली नव्हती. ती १९१५ पासून बंद होती. परंतु न भरलेल्या सभेचा हक्क नष्ट झालेला नव्हता. १९२० साली मुशीरुद्दौला याच्या मंत्रिमंडळाने याच आधारावर, मजलिसीचा निर्णय होईपर्यंत, कराराची अंमलबजावणी स्थगित केली. फेब्रुवारी १९२१ च्या सत्तांतरानंतर नव्या सरकारने तो रद्द ठरविला, आणि त्याच वर्षी साइक्सने उभारलेले दलही बरखास्त झाले.

६

या निष्कर्षावर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा की, करार फसला तो मजलिसीमुळे नसून ब्रिटनच्या आर्थिक ओढाताणीमुळे, हिंदुस्थान सरकारच्या अनिच्छेमुळे आणि सोव्हिएत सत्तेच्या पुनरागमनामुळे. ही कारणे खरी आहेत आणि त्यांचे वजन मोठे आहे. तथापि त्यांनी करारास केवळ दुर्बळ केले. त्यास नकार देण्याची वैध जागा घटनेने निर्माण केली. ती नसती तर, करार वुसूकुद्दौला याच्या सहीबरोबरच पुरा झाला असता, आणि पुढील मंत्रिमंडळांपुढे मोडण्यासाठी वचन उरले असते, स्थगित करण्यासाठी प्रस्ताव नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, १८०२ चे पुणे आणि १९१९ चे तेहरान यांची तुलना कालविपर्यासाची आहे. बाजीराव होळकरांकडून पराभूत होऊन पळालेला होता, आणि त्याच्यासमोर लोकनियुक्त सभेची कल्पनाच नव्हती. हे मान्य आहे. परंतु तुलनेचा हेतू बाजीरावास दोष देण्याचा नाही. पुण्यात राज्याचा अधिकार एका व्यक्तीच्या सहीत साठलेला होता. म्हणून ती व्यक्ती हाती येताच राज्य हाती आले. शिंदे व भोसले यांनी तह अमान्य केला, पण त्यांच्यापाशी तो अमान्य करण्याचे साधन रणांगण हेच होते, आणि असई व आडगाव येथे ते निकामी ठरले. इराणात १९०६ नंतर अधिकाराची जागा बदलली होती. सल्लागार, फौज आणि कर्ज यांची जुनी पद्धत एका माणसाला गाठण्यासाठी घडलेली होती. सभेला गाठण्याचे तंत्र तिच्यापाशी नव्हते.

या विषयाचे पुढील संशोधन मुंबईत बसून होण्यासारखे आहे. मुंबई सरकारच्या गुप्त व राजकीय खात्यांची आखातासंबंधीची दप्तरे महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात आहेत. इराणी बाजू समजून घेण्यासाठी मात्र फार्सी लागते. मराठी संशोधनाला फार्सीची परंपरा नवी नाही. माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला, आणि सेतुमाधवराव पगडींनी मराठेशाहीची फार्सी साधने मराठीत आणली. परंतु आपले फार्सीचे अध्ययन बव्हंशी औरंगजेबापाशी किंवा पानिपतापाशी येऊन थांबते. ते १९०६ पर्यंत पुढे नेले, तर ज्या सत्तेने आपल्याला जिंकले तिच्याशी दुसऱ्या एका राष्ट्राने कोणत्या साधनांनी सामना केला, हे त्या राष्ट्राच्याच शब्दांत वाचता येईल. मराठ्यांच्या राज्याचा शेवट कसा झाला हे आपल्याला तपशीलवार ठाऊक आहे. तो तसाच होणे अपरिहार्य होते काय, याचा विचार करण्यास तेहरानच्या त्या न पाळलेल्या कराराइतके उपयुक्त साधन दुसरे क्वचितच मिळेल.